डॅन व्हाइट खटला : शिक्षेची सौम्यता आणि जनक्षोभ

२७ नोव्हेंबर १९७८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोचे महापौर जॉर्ज मॉस्कोनी व नगरमंडळाचे सदस्य हार्वे मिल्क यांची सिटी हॉलमध्ये गोळ्या झाडून हत्या झाली. मारेकरी डॅन व्हाइट हा मंडळाचा माजी सदस्य व एकेकाळचा पोलीस. धातुशोधक यंत्र टाळण्यासाठी तो तळघराच्या खिडकीतून शिरला होता. पहिल्या हत्येनंतर त्याने रिव्हॉल्व्हर पुन्हा भरले. तरीही २१ मे १९७९ रोजी ज्यूरीने खुनाऐवजी सदोष मनुष्यवधाचा दोष ठेवला. त्याच रात्री शहरात दंगल उसळून पोलिसांच्या गाड्या पेटवल्या गेल्या.

पुढे सुनावलेली ७ वर्षे ८ महिन्यांची शिक्षा ही त्या दोषारोपासाठी कायद्याने देता येणारी कमाल शिक्षाच होती, हे सहसा विसरले जाते. सौम्यतेचे मूळ 'क्षीण मानसिक क्षमते'च्या बचावात शोधावे लागते. नैराश्यामुळे आरोपी पूर्वनियोजन करण्यास असमर्थ होता, असा तो युक्तिवाद. (गोड खाद्यपदार्थांनी खून घडवला, हा बचाव मात्र दंतकथाच, ते खाणे नैराश्याचे लक्षण म्हणून मांडले गेले होते.) कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने १९८१ मध्ये हा बचाव रद्द केला. व्हाइट जानेवारी १९८४ मध्ये तुरुंगातून सुटला.