एका संगणकावरील दोन कार्यप्रणाली व प्रकल्प-फाइलींची सुरक्षित देवाणघेवाण : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :
ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथे महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली आणि हाताने काम करीत शिकण्याचा विचार देशापुढे आला. आज संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्याचे असे हातकाम म्हणजे त्याचा प्रकल्प होय. एकच संगणक उपलब्ध असल्यास त्यावर विंडोज व लिनक्स या दोन्ही कार्यप्रणाली बसविल्या जातात. अहवाल एकीत आणि प्रोग्रॅम दुसरीत, अशी कामाची विभागणी होते. अशा वेळी दोहोंमध्ये फिरणारी फाइल सुरक्षित कशी राहील, या प्रश्नाचा ऐतिहासिक मागोवा प्रस्तुत निबंधात घेतला आहे.

फाइल प्रणालींचा विकास :
१९९३ हे वर्ष या दृष्टीने महत्त्वाचे आहे. त्या वर्षी विंडोज एनटीसोबत एनटीएफएस आणि लिनक्सकरिता ईएक्सटी-२ या फाइल प्रणाली आल्या. दोघींची रचना परस्परांहून भिन्न होती. १९९६ मधील फॅट-३२ दोन्ही कार्यप्रणालींना वाचता-लिहिता येत असल्याने मध्यस्थ ठरली. तथापि तिच्यात ४ जीबी किंवा त्याहून मोठी फाइल मावत नाही आणि लिनक्समधील मालकी व परवानग्यांची नोंदही टिकत नाही. एनटीएफएसवर लिनक्समधून लिहिणे दीर्घकाळ धोक्याचे होते. २००७ मध्ये एनटीएफएस-३जीची स्थिर आवृत्ती आल्यावर ही अडचण बरीच दूर झाली. २०२१ मध्ये लिनक्सच्या गाभ्यातच वाचन-लेखनाची नवी सोय समाविष्ट झाली.

देवनागरीचा प्रश्न :
वर्धा हे १९९७ मध्ये स्थापन झालेल्या महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालयाचे स्थान असल्याने देवनागरीचा मुद्दा येथे विशेष प्रस्तुत ठरतो. फॅट विभाग लिनक्समध्ये जोडताना यूटीएफ-८ चा पर्याय निवडला नसेल, तर देवनागरी नावांच्या जागी प्रश्नचिन्हे दिसू शकतात. तसेच नावातील रोमन अक्षरे लहान की मोठी, हा भेद लिनक्स मानते, विंडोज सहसा मानत नाही. त्यामुळे केवळ तेवढ्याच फरकाच्या दोन फाइलींपैकी एक दुसरीवर लिहिली जाण्याचा संभव असतो.

अपूर्ण बंद होण्याचा धोका :
२०१२ मध्ये विंडोज ८ सोबत जलद प्रारंभाची सोय आली. तीत ‘शट डाउन’ केल्यावरही कार्यप्रणालीच्या गाभ्याची स्थिती डिस्कवर जपली जाते आणि पुढील वेळी तेथूनच काम सुरू होते. दरम्यान लिनक्सने त्याच विभागात बदल केल्यास विंडोजकडील जुनी नोंद व डिस्कवरील वस्तुस्थिती यांत विसंगती निर्माण होते. परिणामी महिन्यांचे काम नष्ट होऊ शकते. हिशेबाची वही न मिटविता दुसऱ्याच्या हाती द्यावी, तसाच हा प्रकार होय.

निष्कर्ष :
वरील विवेचनावरून असे दिसून येते की, स्वरूपातील अडचणी कालौघात कमी झाल्या. शिस्तीची गरज मात्र कायम राहिली. सामायिक फाइलींसाठी स्वतंत्र विभाग ठेवावा, जलद प्रारंभ बंद करावा, कोणतीही कार्यप्रणाली निद्रित अवस्थेत ठेवून दुसरी सुरू करू नये आणि परवानग्या जपायच्या असल्यास प्रकल्प टार संचिकेत बांधून न्यावा. डिस्कच बिघडली तर दोन्ही कार्यप्रणाली निरुपयोगी ठरतात. म्हणून एक प्रत संगणकाबाहेर असणे अनिवार्य आहे. प्रकल्प-मार्गदर्शकांनी ही शिस्त पहिल्याच भेटीत विद्यार्थ्यांना शिकविणे अगत्याचे आहे.