भोंगा थांबला की डब्याचं काय? गिरणगाव ते चाकण

पिंपरी-चिंचवडचा इतिहास म्हटलं की आपण कारखान्यांपासून सुरुवात करतो. 1954 ला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स, 1962 ला एमआयडीसीची स्थापना, मग टेल्को, बजाज आणि पुढे चाकण. आज मात्र आपण गेटबाहेर थांबणार आहोत. चहाची टपरी, वडापावची गाडी, पोळी-भाजी केंद्र आणि कामगारांना डबे देणाऱ्या मेस. कंपनी बंद पडते तेव्हा यांचं काय होतं?

आधी मेसचं गणित बघा. मेंबर महिन्याचे पैसे देतो, गावी गेला की खाडे धरतो. मेसवाली वाण्याकडून किराणा उधारीवर आणते, गॅस मात्र रोख. भांडवल असतं जेमतेम महिन्याभराचं. आणि मेंबर कुठले? बहुतेक त्याच दोन-चार कंपन्यांतले. त्यामुळे एका गेटला कुलूप लागलं की गिऱ्हाइकं एकदम तुटतात, वाण्याची उधारी तेवढी मागे राहते.

असे दिवस या पट्ट्याने अनेकदा पाहिलेत. 1989 चा टेल्कोतला संघर्ष, 2007 ला बजाजच्या आकुर्डी कारखान्यातलं थांबलेलं उत्पादन, 2013 ला बजाजच्याच चाकण कारखान्यातला सुमारे 50 दिवसांचा संप, 2019 ची वाहन उद्योगातली मंदी. आणि मग 2020 चं लॉकडाउन. संपात कामगार निदान इथेच असतो, आज ना उद्या पैसे देतो. 2020 ला परप्रांतीय कामगार गावी निघून गेला. वही राहिली, माणूस गेला.

यावर उपाय काय, हे समजायला जरा मुंबईला जाऊ. गिरणगावात कोकणातून, घाटावरून एकटे आलेले कामगार बायकांच्या खानावळीत जेवायचे. संप झाला की पगार बंद, पण जेवण चालूच. म्हणजे संपाचा खर्च या बायकाच उचलत होत्या, तोही सावकाराचं व्याज भरून. गोवा मुक्तिलढ्यातल्या आणि पुढे कामगार चळवळीतल्या कार्यकर्त्या प्रेमा पुरव यांनी हे हेरलं. 1975 ला त्यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं. बायकांचे गट केले, एकमेकींना जामीन ठेवलं आणि राष्ट्रीयीकृत बँकेचं कर्ज मिळवून दिलं. सावकार सुटला.

पण 18 जानेवारी 1982 ला सुरू झालेल्या संपानंतर गिरण्याच बंद पडत गेल्या. तिथे नुसतं कर्ज पुरणारं नव्हतं. गिऱ्हाईकच नसेल तर कर्ज म्हणजे नवी उधारी. संस्था केटरिंगकडे वळली, गिरणीबाहेरचं गिऱ्हाईक शोधलं. पुढे त्यांची मुलगी मेधा पुरव-सामंत यांनी पुण्यात अन्नपूर्णा परिवार उभा केला. त्यात कर्जाबरोबर आजारपणासाठी, कुटुंबाच्या सुरक्षेसाठी सभासदांचे आपसातले निधीही आले.

आता 2020 कडे परत येऊ. 1 जून 2020 ला पीएम स्वनिधी योजना आली. पथविक्रेत्यांना 10 हजारांचं खेळतं भांडवल, वेळेत फेड केली तर व्याजात 7 टक्के सवलत. टपरीवाल्याला, गाडीवाल्याला आधार झाला. पण घरातून डबे देणारी बाई पथविक्रेती नाही, त्यामुळे ती या योजनेत बसतच नव्हती.

दुसरीकडे शिवभोजन बघा. 26 जानेवारी 2020 ला सुरू झालेली 10 रुपयांची थाळी लॉकडाउनमध्ये 5 रुपयांवर आणली. शहरात थाळीचा दर 50 रुपये धरलेला, वरचे 45 सरकारने द्यायचे. केंद्रं चालवायला खानावळी आणि महिला बचत गटही होते. म्हणजे गरजूला जेवण मिळालं आणि चूल चालवणाऱ्याला गिऱ्हाईक. मर्यादा एवढीच, की केंद्रं आणि थाळ्या ठरावीक होत्या.

गिरणगाव आणि चाकण शेजारी ठेवले की एक गोष्ट कळते. संकट आल्यावर दिलेलं कर्ज उशिराचं असतं. त्याआधी तीन गोष्टी हव्यात: स्वस्त भांडवल, आपसातला निधी आणि कंपनीबाहेरचं दुसरं गिऱ्हाईक. हॉस्टेल, हॉस्पिटल, शाळा, काहीही चालेल. चाकणच्या मेसवालीचा धंदा आज तेजीत असेल, तर ही तयारी आजच करायला हवी.

तुमच्या भागातल्या मेसने 2020 कसं काढलं, ते नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात.