किती फोटो काढायचे?



स्तनाच्या कर्करोगाचं ऑपरेशन झालेल्या बाईला भेटायला गेलं की कुणीतरी म्हणतंच, “एकदा सगळ्या अंगाचं स्कॅन करून घ्या, म्हणजे घोर मिटेल.” मग कुणी दागिने गहाण ठेवतं, कुणी गटातून कर्ज काढतं. म्हणून आज आपण या फोटोंचाच इतिहास पाहू.

१९१३ साली बर्लिनमध्ये आल्बर्ट सालोमन या सर्जननं ऑपरेशन करून काढलेल्या सुमारे ३,००० स्तनांचे एक्स-रे तपासले. कर्करोगाच्या खुणा फोटोत दिसतात, हे त्यातून कळलं. पुढे मॅमोग्राफी आली. १९६३ पासून न्यूयॉर्कमध्ये सुमारे ६२,००० बायकांचा अभ्यास झाला. निम्म्या बायकांना दरवर्षी मॅमोग्राफी आणि डॉक्टरांची हातानं तपासणी देऊ केली. त्यांच्यात या आजारानं होणारे मृत्यू कमी झाले.

मग हाडांचा स्कॅन आला, सीटी आला. जितके जास्त फोटो तितकं चांगलं, असं वाटू लागलं. ते खरं आहे का, हे इटलीतल्या डॉक्टरांनी तपासलं. दोन अभ्यासांत मिळून अडीच हजारांहून जास्त बायका होत्या. सगळ्यांचे उपचार झालेले होते. काहींची फक्त नेहमीची तपासणी आणि मॅमोग्राफी होत राहिली. बाकीच्यांचे त्याशिवाय ठरावीक काळानं छातीचे एक्स-रे आणि हाडांचे स्कॅनही झाले. १९९४ साली निकाल आला. जास्त फोटो काढलेल्या बायका जास्त जगल्या नव्हत्या.

२०१२ साली अमेरिकेतल्या कर्करोगतज्ज्ञांच्या संघटनेनंही सांगितलं की आजार सुरुवातीचा असेल आणि पसरण्याचा धोका कमी असेल, तर पेट, सीटी आणि हाडांचा स्कॅन सरसकट करू नये. कधी कधी स्कॅनमध्ये साधा डाग दिसतो, मग नवी तपासणी, नवा खर्च आणि नवी भीती.

याचा अर्थ फोटो नकोच, असा नाही. गाठ लागली तर डॉक्टर सांगतील ती मॅमोग्राफी, सोनोग्राफी आणि सुईची तपासणी लांबवू नका. उपचारांनंतरची वर्षाची मॅमोग्राफी चुकवू नका. आजार वाढलेला असेल, किंवा हाडं सतत दुखत असतील, दम लागत असेल, तर स्कॅन लागतोच.

फक्त पैसे भरण्याआधी डॉक्टरांना एक प्रश्न विचारा: “या फोटोनं माझे उपचार बदलणार आहेत का?” एकटीला धीर होत नसेल, तर गटातली एक जण सोबत जाऊया.