खजिन्याची बातमी
नंदुरबारात १९४२ म्हटलं की शिरीषकुमारची आठवण निघते. ९ सप्टेंबरला मिरवणुकीवर गोळीबार झाला, पाच जण गेले. पण मला १४ एप्रिल १९४४ ची गोष्टही तेवढीच विचारात पाडते. धुळ्याहून नंदुरबारकडे निघालेला साडेपाच लाखांचा सरकारी खजिना क्रांतिकारकांनी चिमठाण्याजवळ लुटला. जी. डी. लाड, नागनाथ नायकवडी हे साताऱ्याकडचे. त्यांना खानदेशच्या वाटा कुठल्या ठाऊक? इथले होते डॉ. उत्तमराव पाटील. खजिना कधी निघणार, सोबत पोलीस किती, ही बातमी आधी हवी, पिस्तूल नंतर. सरकारच्या खबऱ्याला बक्षिसाची आशा असे. क्रांतिकारकांना बातमी देणाऱ्याचं नाव फुटलं, तर त्याला तुरुंग. म्हणूनच श्रोतेहो, चिमठाण्याच्या गोष्टीत नावं ऐकू येतात ती लुटणाऱ्यांची.