नव्वदचा स्ट्रोक

खारदांड्यात जुनी बुलेट बांधायला काढली की पहिला प्रश्न ठरलेला: ‘३५०ला ५००चा पिस्टन बसेल का?’ प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर १९४९पासून शोधत यावं लागतं.

त्या सुमारास इंग्लंडमधल्या रेडिचच्या कारखान्यात तयार झालेल्या ३५० बुलेटचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, ७० मिलिमीटर होता आणि पिस्टनची वर-खाली धाव, म्हणजे स्ट्रोक, ९०. हिशेब ३४६ सीसीचा. १९५३मध्ये रेडिचने ५०० काढली तेव्हा स्ट्रोकला हात लावला नाही, बोअर ८४ केला. व्यास वाढला २० टक्के. क्षमता व्यासाच्या वर्गाने वाढते, म्हणून ती गेली थेट ४९९ सीसीवर. १९५५मध्ये लष्कराच्या मागणीमुळे मद्रासला एनफिल्ड इंडिया उभी राहिली आणि नव्वदचा स्ट्रोक इथलाच झाला.

आपल्या लेथवाल्यांनी बोअर वाढवायला सुरुवात केली ती दुरुस्तीपायी. बोअर-गेज सिलिंडरमध्ये वर, मध्ये, खाली आणि दोन्ही दिशांनी लावला की वरच्या रिंगपाशी झालेली झीज आकड्यात दिसते. मग बोअर मारून पाव किंवा अर्धा मिलिमीटर मोठा पिस्टन, आणि शेवटी होनिंग. होनिंगच्या तिरक्या रेघांत तेल टिकतं. दांड्याच्या खाऱ्या वाऱ्यात असा ताजा सिलिंडर तेल न लावता ठेवला तर गंज चढलाच. ५००चा पिस्टन ही याच्या पुढची पायरी: क्रँककेसचं तोंड खरवडायचं, सिलिंडर आणि हेडही बदलायचं.

मुंबईत अक्षय वर्दे यांच्या ‘वर्देंची’ने बुलेटवर चॉपर बांधले, तेव्हा फ्रेमपासून टाकीपर्यंत सगळं नव्याने घडवलं. कंपनीनेही २०१३च्या कॉन्टिनेंटल जीटीत बोअर ८७ करून ५३५ सीसी गाठले, तेव्हा फ्रेम हॅरिस परफॉर्मन्सच्या मदतीने नवी केली आणि पुढे ब्रेम्बोची डिस्क दिली. मोठा पिस्टन एकटा आला नाही. ड्रम ब्रेकच्या जुन्या गाडीत नुसता बोअर वाढवणाऱ्याने हे ध्यानात घ्यावं.

कागदही आधीच बघावेत. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ तपशिलात मनमानी बदल करू देत नाही. जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावलं. इंजिन बदलायचं तर आधी अंधेरी आरटीओची परवानगी हवी.

२०२०च्या मीटिऑरपासून ३५०चं माप ७२ बाय ८५.८ झालं, २०२३मध्ये बुलेटनेही तेच इंजिन घेतलं. म्हणजे नव्वदच्या घराण्यातली जुनी केस आता सांभाळून वापरायची वस्तू आहे. आधी क्रँक आणि बेअरिंग तपासा, मग ब्रेक, मग कागद. पिस्टनची खरेदी सगळ्यात शेवटी.