रायफलीचे दर्शक व त्यांची चाचणी

नेमबाजाची दृष्टी आणि शस्त्राच्या नळीचा रोख यांचा मेळ घालण्यासाठी रायफलीवर जी साधने बसविलेली असतात, त्यांस दर्शक म्हणतात. नळीच्या तोंडाजवळील उंचवटा हा पुढचा दर्शक. मराठीत तो ‘माशी’ या नावाने रूढ आहे. दस्त्याकडील बाजूस असलेली खाच किंवा भोक हा मागचा दर्शक होय. खाच, माशी आणि लक्ष्य ही तीन एका रेषेत आली, की नेम धरला असे समजतात. गोळी मात्र या रेषेने जात नाही. नळीतून सुटताच ती गुरुत्वाकर्षणाने खाली येऊ लागते; म्हणून नळीचा रोख दृष्टिरेषेशी किंचित वर धरावा लागतो. हा ‘किंचित’ किती, हे अंतर, दारूचा जोर आणि गोळीचे वजन यांवर अवलंबून असते. दर्शक कोणता निवडावा, हा प्रश्न त्यामुळे वस्तुतः नेमबाज कोण, लक्ष्य कसले आणि अंतर किती, या प्रश्नांचे उत्तर असते. दर्शकांचा इतिहास पाहता हे उत्तर नेहमीच निव्वळ तांत्रिक कारणांनी दिले गेले असे दिसत नाही.

मराठेशाहीतील तोड्याच्या बंदुकांना माशी असे आणि मागे साधी खाच असे; काही हिंदी बंदुकांवर बारीक भोकाचे दर्शकही आढळतात. अंतरानुसार वर-खाली करता येणारा दर्शक मात्र त्यांवर नव्हता. नळी आतून गुळगुळीत असल्याने दूरच्या अंतरावर गोळीचा भरवसा नसे, आणि ज्या शस्त्राची गोळी दर वेळी वेगळीकडे जाते त्यावर सूक्ष्म दर्शक बसविणे व्यर्थ होय. लांब नळी आणि बंदूकबाजाचा सराव यांवरच मदार असे.

नळीत मळसूत्री खाचा आल्या तेव्हा चित्र पालटले. 1853 च्या नमुन्याची ब्रिटिश एन्फील्ड रायफल 0.577 इंच व्यासाची असून तिच्या मागच्या दर्शकाची शिडी 900 यार्डांपर्यंतच्या खुणांची होती. शंभर यार्डांपलीकडे जिचा नेम धरणे जवळजवळ निरर्थक, अशा गुळगुळीत बंदुकीच्या मानाने ही मोठीच झेप होती. याच रायफलीच्या काडतुसावरून 1857 मध्ये असंतोष भडकला, हे सर्वश्रुत आहे. त्यानंतर दर्शकाचे काय झाले, याकडे मात्र क्वचितच लक्ष दिले जाते. हिंदी शिपायांसाठी 1858 च्या नमुन्याची जी बंदूक तयार करण्यात आली, ती बाहेरून एन्फील्डसारखीच होती. पण नळी आतून रुंद व गुळगुळीत करून तिच्यातील खाचा काढून टाकल्या होत्या आणि शिडीच्या जागी हलविता न येणारा साधा दर्शक बसविला होता. राज्यकर्त्यांचा शिपायावरील अविश्वास कोणत्याही जाहीरनाम्याहून या लोखंडाच्या तुकड्यात अधिक स्पष्ट वाचता येतो. पुढेही कित्येक वर्षे हिंदी पलटणींना गोऱ्या पलटणींपेक्षा एक पिढी जुने शस्त्र देण्याचा प्रघात राहिला. 1878 च्या शस्त्र कायद्याने ब्रिटिश हिंदुस्थानातील सामान्य हिंदी माणसाला परवान्याविना शस्त्र बाळगणे अशक्य केले; युरोपियनांना त्यातून सूट होती.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दर्शक फाजील महत्त्वाकांक्षी झाले. 1907 च्या ली-एन्फील्ड रायफलीचा मुख्य दर्शक 2,000 यार्डांपर्यंतचा असून, तुकडीने एकत्र बार काढण्यासाठी डाव्या बाजूस 2,800 यार्डांपर्यंतचा निराळा दर्शक होता. एवढ्या अंतरावर एकटा माणूस दिसणेही कठीण. पहिल्या महायुद्धात 1916 पासून हा बाजूचा दर्शक काढून टाकण्यात आला. भारतात ईशापूरच्या कारखान्यात 1960 नंतर 7.62 मिमी. काडतुसासाठी बनविलेल्या रायफलीच्या दर्शकावरही प्रथम 2,000 ची खूण होती. पुढच्या आवृत्तीत ती 800 मीटरांवर आणण्यात आली. आकडे उतरले, पण ते खरे झाले.

स्वातंत्र्योत्तर काळात नागरी नेमबाजीला संघटित रूप आले. लोकसभेचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर यांच्या पुढाकाराने 1951 मध्ये नॅशनल रायफल असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था स्थापन झाली. अखिल भारतीय मावळंकर स्पर्धा त्यांच्याच नावाने ओळखली जाते. भारतातील स्पर्धांत एअर रायफलीचे ‘ओपन साइट’ व ‘पीप साइट’ असे दोन स्वतंत्र गट आढळतात. ओपन म्हणजे उघडी खाच, पीप म्हणजे बारीक भोक. भेद वरवर क्षुल्लक वाटतो, तसा तो नाही. डोळ्याला एका वेळी एकाच अंतरावरची वस्तू रेखीव दिसते. खाच, माशी व लक्ष्य या तिन्ही एकदम स्पष्ट दिसणे शक्य नसते. भोकातून पाहिले असता डोळा आपोआप मध्य शोधतो, मागच्या दर्शकाकडे पाहावे लागत नाही, आणि लहान छिद्रामुळे जवळचे व दूरचे दोन्ही अधिक स्पष्ट दिसतात. आंतरराष्ट्रीय रायफल स्पर्धांत पुढे नळकांड्यातील कडी व मागे भोक अशी जोडी वापरतात. प्रतिमा मोठी करणारी दुर्बीण तेथे चालत नाही. शिकाऱ्याला आणि सैनिकाला ती उपयोगी पडते, परंतु तिच्यात लक्ष्याबरोबर हाताचा कंपही मोठा दिसतो, हे नवख्याने ध्यानात ठेवावे.

नव्या रायफलीवर दर्शक बसविल्यानंतरचे खरे काम चांदमारीच्या मैदानावर होते. (चांद म्हणजे निशाण. पुण्यामुंबईत ‘गोळीबार’ हे नाव काही भागांना अद्याप चिकटून आहे.) प्रथम रायफल आधारावर ठेवून, एकाच जागी नेम धरून तीन ते पाच गोळ्या झाडतात. त्या निशाणावर कोठे लागल्या हे या टप्प्यावर गौण असते. त्या एकमेकींजवळ पडल्या की नाहीत, एवढेच पाहावयाचे. गोळ्या विखुरलेल्या असतील तर दोष काडतुसात, दर्शकाच्या ढिल्या पेचात किंवा चाप ओढण्यात असतो, आणि तेव्हा दर्शक फिरविणे हा केवळ वेळेचा अपव्यय होय. पुंजका घट्ट पडल्यावर त्याचा मध्य निशाणाच्या मध्यावर आणतात. नेमबाज यालाच ‘झीरो करणे’ म्हणतात. मागचा दर्शक गोळी जिकडे न्यावयाची तिकडे सरकवावा, माशी मात्र उलट दिशेस. दोन दर्शकांत 80 सेंमी. अंतर असल्यास मागचा दर्शक 0.1 मिमी. सरकविला, की 50 मी.वर गोळी सु. 6 मिमी. हलते. तेथील दहा गुणांचे वर्तुळ अवघे 10.4 मिमी. व्यासाचे असते. 10 मी. एअर रायफलीच्या निशाणावर ते 0.5 मिमी.चे टिंब, म्हणजे 4.5 मिमी.च्या छर्‍याहून कितीतरी लहान. त्यामुळे दर्शकाचा पेच ‘टिक्’ असा आवाज करीत ठराविक अंशानेच फिरेल, अशी रचना केलेली असते.

एकदा साधलेला मेळ कायमचा राहत नाही. काडतुसांचा गट बदलला, वारा वा ऊन बदलले, गाल दस्त्यावर निराळा टेकला, तरी गोळी सरकते. यासाठीच 0.22 रायफलीचे नामवंत नेमबाज काडतुसांचे वेगवेगळे गट रायफल यंत्रात घट्ट बसवून पारखतात आणि आपल्या नळीला मानवणारा गट घेतात. तीन स्थितींच्या स्पर्धेत गुडघ्यावर, पालथे पडून व उभ्याने नेम धरावा लागतो. प्रत्येक स्थितीत डोके व डोळा निराळ्या जागी येतात, म्हणून दर्शकाची मांडणीही बदलतात. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी 2010 मध्ये म्यूनिक येथे 50 मी. प्रोन प्रकारात जागतिक विजेतेपद मिळविले. कांबळवाडीचे स्वप्निल कुसाळे यांनी 1 ऑगस्ट 2024 रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये तीन स्थितींच्या अंतिम फेरीत 451.4 गुणांसह कांस्यपदक पटकाविले. अशा फेऱ्यांत पुढच्या स्थितीचा दर्शक जुळवून सरावाच्या गोळ्या झाडण्यास मोजकीच मिनिटे मिळतात.

50 मी.च्या नेमबाजीस संरक्षक बांधाचे मैदान आणि परवान्याचे शस्त्र लागते. 10 मी.ची एअर रायफल मात्र शाळेच्या बंदिस्त सभागृहातही, गोळी अडविणारी भिंत व शिस्तबद्ध देखरेख असल्यास, चालविता येते. परभणी जिल्ह्यातील ताडकळससारख्या गावातून या खेळाकडे वळणाऱ्या मुलाने प्रथम उघड्या खाचेवर शिकावे, भोकाचा दर्शक नंतर घ्यावा, असे काही प्रशिक्षकांचे मत आहे. आरंभापासूनच भोक वापरावे असे मानणारेही आहेत. प्रस्तुत लेखकाचा कल पहिल्या मताकडे आहे, कारण उघड्या खाचेत नेमाची प्रत्येक चूक नेमबाजाला स्वतःच्याच डोळ्यांनी दिसते.