मंगळवारी प्रिंट न देणारं सॉफ्टवेअर

२००८-०९ च्या सुमारास उबंटू लिनक्स वापरणाऱ्या काही लोकांना ओपनऑफिसमधून प्रिंट निघेना. निघायची, पण रोज नाही. तक्रारी एकमेकींशी जुळत नव्हत्या. कुणाचं म्हणणं प्रिंटर बिघडला, कुणाचं म्हणणं नवीन अपडेटने घोळ केला. त्यात एका वापरकर्त्याने लिहिलं की, माझ्या बायकोच्या मते ओपनऑफिस मंगळवारी प्रिंट देत नाही. तिने त्याला ते करूनही दाखवलं.

ऐकायला हे आपल्याकडच्या 'शनिवारी नखं कापू नयेत' छापाचं वाटतं, पण बाई बरोबर होत्या. प्रिंटरकडे जाणाऱ्या फाइलच्या वरच्या भागात ती तयार झाल्याची तारीख असे, वारासकट. वाटेत एक छोटं साधन फाइलचा प्रकार ओळखत असे. त्याच्या यादीतल्या एका नोंदीत चूक होती: ठराविक जागी मंगळवारची तीन इंग्रजी अक्षरं दिसली, की ते साधन ती फाइल अर्लांग नावाच्या प्रोग्रॅमिंग भाषेची आहे असं ठरवून मोकळं होई. मग काही प्रिंटरच्या ड्रायव्हरना ती छापण्याजोगी वाटत नसे. म्हणजे दोष ओपनऑफिसचा नव्हताच. पण वाराचा धागा सापडेपर्यंत सगळे भलतीकडेच शोधत होते, आणि तो धागा सापडला तो फक्त आठवड्याचा हिशोब ठेवणाऱ्या एका माणसाला.

आपण फोनवर ॲपला एक तारा देतो, 'बकवास, पैसे वाया' असं लिहितो आणि ते काढून टाकतो. फुकटच्या ऑफिस सॉफ्टवेअरमध्ये पैसे वाया गेलेले नसतात, त्यामुळे रागावायचं कुणावर हाच पहिला प्रश्न असतो. आपण गिऱ्हाईक नाही. मग आपल्या मागणीला वजन कशाचं? या सॉफ्टवेअरच्या गेल्या पंचवीस वर्षांच्या इतिहासात हा प्रश्न पुन्हा पुन्हा येतो आणि दर वेळी उत्तर थोडं बदलतं.

सुरुवात धंद्यातच झाली. जर्मनीतल्या ल्यूनेबुर्गमध्ये मार्को ब्योरीस या शाळकरी वयाच्या मुलाने १९८० च्या दशकाच्या मध्यावर स्टार डिव्हिजन ही कंपनी काढली. तिचं स्टारऑफिस १९९९ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सने कंपनीसकट विकत घेतलं. कारण मजेशीर आहे. सनचे सायमन फिप्स यांनी पुढे सांगितलं की, आपल्या सुमारे ४२ हजार कर्मचाऱ्यांसाठी मायक्रोसॉफ्टचे परवाने घेण्यापेक्षा अख्खी कंपनी घेणं सनला स्वस्त पडत होतं. ऑक्टोबर २००० मध्ये सनने त्याचा सोर्स कोड खुला केला आणि मे २००२ मध्ये ओपनऑफिसची १.० आवृत्ती आली. कोडमधल्या टिपा मात्र जर्मनमध्ये होत्या. जगभरातले स्वयंसेवक पुढे कित्येक वर्षं त्यांचं इंग्रजी भाषांतर करत बसले.

आता तक्रार कुणीही नोंदवू शकत होतं. इश्यूझिला नावाच्या नोंदवहीत प्रत्येक मागणीला क्रमांक मिळे आणि लोक मागण्यांना मतंही देत. लोकशाही वाटते ना? पण शेकडो मतं मिळालेली मागणी हाती घ्यायला एकही प्रोग्रॅमर रिकामा नसेल, तर ती मतं नुसती मोजायची. उलट एखादी गोष्ट एकाच माणसाला हवी असेल आणि ती तो स्वतः लिहिणार असेल, तर ती होऊन जाते. निदान तसं व्हायला हवं होतं. इथे मात्र वेगळीच अडचण होती. लिहिलेला कोड मूळ प्रकल्पात घालायचा तर त्याच्या मालकीहक्कात सनला वाटा द्यावा लागे आणि सनच्या तपासणीतून जावं लागे. अनेकांच्या दुरुस्त्या तशाच पडून राहिल्या. नॉव्हेल कंपनीतल्या मायकल मीक्स आणि इतरांनी अशा दुरुस्त्या जमवून 'गो-ओओ' नावाची समांतर आवृत्ती चालवली. लिनक्स वापरणाऱ्या पुष्कळांना 'ओपनऑफिस' म्हणून जे मिळत होतं ते खरं तर हेच होतं, आणि त्यांना त्याचा पत्ताही नसे.

जानेवारी २०१० मध्ये ओरॅकलने सन गिळली. आपल्या दुरुस्त्यांचं आता काय होणार, या काळजीने त्याच वर्षी २८ सप्टेंबरला मंडळींनी वेगळी चूल मांडली: द डॉक्युमेंट फाउंडेशन ही संस्था आणि लिबरऑफिस हे सॉफ्टवेअर. फाउंडेशनची रीतसर नोंदणी करायला ५० हजार युरो भांडवल लागणार होतं. ते देणगीदारांनी आठ दिवसांत जमवून दिलं. फुकट सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांना पैसे सुटत नाहीत, असं म्हणणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

नव्या घरात मालकीहक्क सोपवण्याची अट गेली. 'ईझी हॅक्स' म्हणजे नवशिक्यांना झेपतील अशा छोट्या कामांची यादी निघाली. पण मला या काळातली सगळ्यात मोलाची वाटते ती 'बायबिसेक्ट' नावाची युक्ती. समजा, जुन्या आवृत्तीत एखादी तक्त्याची फाइल नीट उघडत होती, नवीनमध्ये उघडत नाही. मधल्या काळात हजार बदल झालेत. नेमका कोणत्या बदलाने घात केला? पूर्वी हे शोधायला प्रत्येक टप्प्याचा कोड घेऊन सॉफ्टवेअर पुन्हा बांधावं लागे, म्हणजे तासन् तास. आता मधल्या टप्प्यांवरची सॉफ्टवेअर तयार बांधूनच ठेवलेली असतात. आपण बरोबर मधलं उघडायचं: फाइल नीट दिसते की नाही? दिसली तर दोषी पुढच्या अर्ध्यात, नाही तर मागच्या. पुन्हा त्याचा मध्य. असं दहा वेळा केलं की हजारातून एक बदल हाती येतो. कोडची एक ओळही न येणारी व्यक्ती हे करू शकते, आणि अशा पुष्कळ जणांनी ते केलंही आहे. ज्याच्या बदलाने घात झाला त्याचं नावच समोर आलं, की तक्रार टाळणं अवघड होतं.

तक्रारीसोबत जोडलेल्या फायलींचंही असंच. कुणाची पगाराची पत्रकं, कुणाच्या प्रबंधाचं प्रकरण, कुणाचं पाच पानी कोष्टक. अशा हजारो फायली एकत्र करून नव्या आवृत्तीत आपोआप उघडून पाहिल्या जातात, कुठे काही कोसळतं का ते बघायला. तक्रार कधीच मिटलेली असते, तरी तिची फाइल पहाऱ्यावर असते. (म्हणूनच फाइल जोडताना नावं आणि खाते क्रमांक आधी काढून टाकावेत. ती नोंदवही सगळ्यांना दिसते.)

मग चांगली तक्रार केली की काम होतंच का? नाही. 'तक्त्यातल्या ओळी वाढवा' ही मागणी घ्या. कॅल्कमध्ये एका पानावर ६५,५३६ ओळी मावत. एक्सेलने २००७ च्या आवृत्तीत हाच आकडा १०,४८,५७६ वर नेला, आणि लोक विचारू लागले की आमचं कधी? जानेवारी २०११ च्या ३.३ आवृत्तीत कॅल्कही तिथे पोहोचलं. पण कॉलम १,०२४ च राहिले. ते १६,३८४ व्हायला ऑगस्ट २०२२ मधली ७.४ आवृत्ती यावी लागली. मागणी दोन शब्दांची, काम अकरा वर्षांवर गेलं. एक आकडा बदलायला एवढा वेळ? पण जुन्या कोडमध्ये जागोजागी असं गृहीत धरलेलं होतं की कॉलम थोडेच असणार, तेव्हा रिकाम्या कॉलमांवरूनही फिरून आलं तरी बिघडत नाही. सोळापट कॉलम केल्यावर तेच फिरणं सोळापट महाग. प्रत्येक जागा हुडकून तिथली सवय मोडावी लागली. बाहेरून बघणाऱ्याला यातलं काही दिसत नाही. त्याला दिसतो फक्त 'अजून झालं नाही' हा शेरा, आणि तो चिडतो. त्याचं चिडणं मला चूक वाटत नाही.

दुसरी जुनी मागणी दिसण्याबद्दलची. ऑफिस २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टने मेनू काढून रिबन आणली. सनच्या डिझाइन टीमने 'रेनेसाँ' नावाचा प्रकल्प हाती घेतला. लोक कोणती बटणं किती वेळा दाबतात याची माहितीही, परवानगी देणाऱ्यांकडून, गोळा केली. २००९ मध्ये त्यांनी सादरीकरणाच्या सॉफ्टवेअरचा रिबनसारखा दिसणारा नमुना दाखवला आणि गदारोळ झाला. मायक्रोसॉफ्टची नक्कल नको म्हणून तर आम्ही इथे आलो, असा सूर मोठा होता. लिबरऑफिसने २०१७ मध्ये ५.३ आवृत्तीत टॅबवाली पट्टी प्रयोग म्हणून दिली, २०१९ मध्ये ६.२ मध्ये तिच्या काही रूपांवरचा प्रयोगाचा शिक्का काढला, पण जुने मेनूही तसेच ठेवले. हा समंजस मार्ग मानला जातो. मला तो थोडा भित्रा वाटतो, कारण दोन्ही सांभाळायची हमाली त्याच मोजक्या माणसांवर पडते.

पैशाने हे गणित बदलतं का? म्युनिक शहराने २००३ मध्ये आपले सुमारे १४ हजार संगणक लिनक्सवर न्यायचं ठरवलं. पालिकेच्या कारकुनाला हवं असतं खात्याचं लेटरहेड, योग्य अधिकाऱ्याचं नाव, शंभर जणांना एकच पत्र. ते ओपनऑफिसमध्ये सोयीचं नव्हतं. पालिकेने नोंदवहीत मागणी टाकून वाट पाहिली नाही. स्वतःचे प्रोग्रॅमर बसवून 'वोलमुक्स' हे जोड-सॉफ्टवेअर लिहून घेतलं आणि २००८ मध्ये सगळ्यांसाठी खुलंही केलं. तरी २०१७ मध्ये नगरसभेने विंडोजकडे परतायचा निर्णय घेतला. त्यात कर्मचाऱ्यांची गैरसोय किती आणि राजकारण किती, यावर आजही वाद आहे. त्याआधी २०१२ मध्ये फ्रायबुर्ग शहरही परत फिरलं होतं, पण तिथे शेवटपर्यंत ओपनऑफिसची जुनी ३.२ आवृत्तीच चालू होती. नव्या आवृत्त्यांत मिटलेल्या तक्रारी त्यांच्यापर्यंत पोहोचल्याच नव्हत्या. आता श्लेस्विग-होल्स्टाइन राज्याने २०२४ मध्ये ३० हजार संगणकांवर लिबरऑफिस आणायचं जाहीर केलंय.

आपल्याकडे २००५ मध्ये केंद्र सरकारने भारतीय भाषांच्या मोफत सीडी वाटल्या. आधी तमिळ, मग हिंदी, पुढे मराठीसह इतर भाषा. त्यांत ओपनऑफिसचं 'भारतीय ओओ' हे रूप होतं. केरळने सरकारी शाळांमध्ये मुक्त सॉफ्टवेअर नेलं आणि ते टिकवलं. पण देवनागरीच्या तक्रारी नोंदवायच्या कुणी? लिबरऑफिस बराच काळ विंडोज, मॅक आणि लिनक्सवर अक्षरं जुळवायला वेगवेगळी यंत्रणा वापरत असे, त्यामुळे एकच मराठी फाइल तीन ठिकाणी तीन प्रकारे दिसू शकायची. २०१७ च्या ५.३ आवृत्तीत सगळीकडे 'हार्फबझ' ही एकच यंत्रणा आली. नाव फारसी आहे, हर्फ म्हणजे अक्षर, बाज म्हणजे खुलं. हे काम मुख्यतः केलं ते खालिद होस्नी या इजिप्शियन प्रोग्रॅमरने, जो अमिरी या अरबी फॉन्टचा कर्ता आहे. नस्तालिक आणि नस्ख लिहिणाऱ्यांच्या अडचणी सुटता सुटता आपलीही जोडाक्षरं सावरली.

एक अडचण मात्र लिबरऑफिसमध्ये मराठी लिहिणाऱ्या प्रत्येकाला आलेली असते. स्टाइलमध्ये फॉन्टचा आकार १२ वरून १४ करावा, तर इंग्रजी शब्द वाढतात आणि मराठी जागचं हलत नाही. कारण लॅटिन लिपीसाठी एक कप्पा, चिनी-जपानीसाठी दुसरा, आणि देवनागरी, अरबी, थाई वगैरेंसाठी तिसरा. त्याचं नाव 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट'. आकार तिथे जाऊन वेगळा बदलायचा. ही विभागणी २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतली आहे. यावर मित्रांमध्ये वैतागणारे खूप भेटतात. नोंदवहीत जाऊन लिहिणारे कमी, कारण तिथे इंग्रजीत लिहावं लागतं, आवृत्ती क्रमांक लागतो, टप्प्याटप्प्याने काय केलं ते सांगावं लागतं आणि नमुन्याची फाइल लागते.

आणि देवनागरीच्या तक्रारीत आणखी एक गोष्ट लागते. 'दुसऱ्या' मधला 'ऱ्या' एखाद्या फॉन्टमध्ये तुटला, तर नुसतं 'चुकीचं दिसतं' म्हणून भागत नाही. दोन चित्रं शेजारी शेजारी द्यावी लागतात, एक तुटलेलं आणि एक नीट जुळलेलं, आणि कोणतं बरोबर तेही लिहावं लागतं. हॅम्बुर्गमध्ये बसून ती नोंद वाचणाऱ्याला दोन्ही सारखीच दिसतात.